दहा वर्षांची

मयेकरांच्या दुकानात वरच्या फळीवर
सहा बाटल्या, सहाही धूळ धरून.
खाली बिअर, देशी, सोड्याचे क्रेट,
तिथे हात सारखे ये-जा करतात.
वर फक्त पाल फिरते,
आणि मे महिन्यात कुणी मुंबईकर आला तर शिडी लागते.

आज शिडी माझ्यासाठी लागली.
चार हजार होते, बिलबुकात घडी घातलेले,
देवबागच्या एका ट्रॉलरचा गिअरबॉक्स उतरवला
त्याचे. त्यातून जेवढे सुटे पडले तेवढे.

मयेकर नावं वाचत गेले एकेक अक्षर पिळून.
मी म्हटलं, लाडूकाका सांगायचे
यातली अर्धी अक्षरं मुकी असतात.
"मगे छापतत कित्याक?
पैशे तर पुरे घेतत."

पत्रादेवीपलीकडे निम्म्यात मिळते, सगळे सांगतात.
येताना सीटखाली, कोळंबीच्या बर्फात.
दुसऱ्या कुणासाठी आणलीही असती.
पण ज्याने मला पाना धरायला शिकवला
आणि उरलेला नट-बोल्टसुद्धा
गिऱ्हाइकाला कागदात बांधून परत दिला,
त्याच्या घरी बर्फात लपवलेलं काही नेणं,
नको. पावती हवी.

अठरा वर्षांची नऊ हजारांच्या वर.
बाराची पाच हजार दोनशे.
दहाची तीन हजार नऊशे, नळकांड्याशिवाय.
नळकांडं चेपलं होतं, मयेकरांनी कधीच काढून घेतलं,
त्यात आता अगरबत्त्या असतात.

फळीखाली उभी राहून मी मागे मागे मोजलं.
अठरा वर्षांपूर्वी मी शाळेत, सातवी नापास.
बारा वर्षांपूर्वी बाबांची होडी अजून पाण्यात.
दहा वर्षांपूर्वी, ओढणी कमरेला बांधून,
मी त्यांच्या शेडच्या दारात.
आतले तिघे हसले.
लाडूकाका हसले नाहीत. म्हणाले,
"आधी नखा कापून ये."
त्याच साली तिकडे कुणीतरी ही पिंपात भरली असेल.
मी पहिला इंजेक्टर मोडला तेव्हा
ती पाण्यासारखी असेल, बिनरंगाची.
मोडल्याचे पैसे त्यांनी कुणाच्या पगारातून कापले
ते मला चार वर्षांनी कळलं.

लाकडातून दर वर्षी थोडी उडून जाते,
असं मयेकरांच्या पत्रकात लिहिलंय.
त्यांच्या मते नुकसान.
आमच्याकडे राखणदाराला वाटा लागतोच,
तिकडेही कुणी असेल.

जहाजावर फिटर होते लाडूकाका, लग्नाआधी.
ग्रीनकच्या गोदीत एका थंड रात्री
चीफ इंजिनियरने त्यांना अर्धा कप दिला होता.
ती चव ते पन्नास वर्षं सांगत आले:
"दारू नाय गो ती.
कोणीतरी समुद्र धुरात उकडल्यान."
तीच का ही? कोण जाणे.
मयेकर म्हणाले धुराची आहे.
बूच उघडून वास घेऊ देत नाहीत,
विश्वासावर घ्यायची.

गॅस्केटच्या कागदात गुंडाळली, सुतळी बांधली.
दांडीच्या वाटेवर दोनदा थांबून
बॅगेत हात घालून पाहिलं, आहे.

डोळे आता जवळपास गेलेत त्यांचे.
कागद चाचपला, म्हणाले, "दीड मिलिमीटरचो.
फुकट घालवलंस."
मग काच. मग खांद्यावरून अंगठा फिरवला
जसा सिलिंडरच्या भिंतीवर फिरवायचे.
"कितीक घेतल्यान?"
मी सांगितलं.
"फसयल्यान तुका," आणि पावती मागून घेतली,
उशीखाली ठेवली.

स्टीलच्या दोन पेल्यांत बोटभर.
पहिले दोन थेंब उंबऱ्याबाहेर,
पुटपुटत, कुणाला ते ऐकू आलं नाही.
मी एक घोट घेतला. जळकी दोरी. आयोडिन.
बाबांच्या शर्टाच्या कॉलरजवळचं काहीतरी.
मी विचारलं, तीच का?

ते उत्तर देईनात.
पेला ओठांशी तसाच, मान खाडीकडे वळलेली.
अंधारात कुणाची तरी होडी आत येत होती.
"एक सिलिंडर मारना नाय," म्हणाले.
"कोणाची ती? तूच जोडलंलस मा?
उद्या खोल तिका."
मग पेला पुढे केला.
"हां. घाल आजून वायच."